बाथरूमचं काम काढलंय: शॉवर ठेवू की बादली? पाणी नक्की जातं कुठे?

अनघा_मुलुंड

नमस्कार मंडळी. आमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाझर जातोय म्हणून शेवटी काम काढलंय. लाद्या उखडायच्याच आहेत तर फिटिंगही सगळं नवीन घेऊ असं ठरलं आणि तिथून घरात पार्ट्या पडल्यात. नवऱ्याला छताला लावतात तो मोठा रेन शॉवर हवाय. सासूबाई म्हणतात बादली-तांब्या सोडून काहीही बसवलंत तरी पाणी नासणारच. मुलगा दहावीत आहे, तो एकदा आत गेला की बाहेर यायचं नाव नाही, आणि धाकटी त्याच्या मागे दार बडवत उभी.

आमची बिल्डिंग जुनी, सात मजली, आम्ही पाचव्यावर. हल्ली सकाळी नऊच्या आधीच गच्चीवरची टाकी तळाला जाते आणि मग वॉचमनला फोनाफोनी. सोसायटीने जिन्यात नोटीस लावली की पाणी जपून वापरा. जपून म्हणजे नक्की कुठे ते कोणीच सांगत नाही. आत्ताच्या शॉवरखाली बादली ठेवून मोबाईलवर एक मिनिट लावून पाहिलं तर १५ लिटरची बादली जवळजवळ भरली. दहा मिनिटांच्या आंघोळीला दीडशे लिटर! हे मला अजिबात पटत नाही.

तर शॉवर काढूनच टाकू का? फ्लश टँक भिंतीतला घ्यायचा की बाहेरचा? आणि आत्ता भिंती उघड्या असताना आणखी काय करून घेता येईल? मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बादलीबहाद्दर

बादली. विषय संपला. रेन शॉवर हवा असेल तर जून ते सप्टेंबर गच्चीवर पाठवा साहेबांना, फुकट आणि प्रेशरही चांगलं. :)

चिंच_बोरं

अंघोळीची गोळी हाच खरा उपाय. पण मुंबईच्या मे महिन्यात ती घेऊन लोकलमध्ये चढू नका एवढीच कळकळीची विनंती.

नळजोड

माझा धंदाच प्लंबिंगचा आहे, दादर ते ठाणे सगळीकडे कामं करतो. अनघाताई, सगळे शॉवरवर भांडतात आणि फ्लशकडे कोणी बघत नाही. जुन्या बिल्डिंगमधली टाकी एका फ्लशला १० लिटर सोडते, काही त्याहून जास्त. पाच माणसं, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा, झाले २५० लिटर. आता नवीन दोन बटणांची टाकी घ्या, मोठं बटण ६ लिटर, छोटं ३. माणशी एकदा मोठं, चारदा छोटं, १८ लिटर होतात, पाच जणांचे ९०. रोजचे १६० लिटर वाचले आणि कोणाला आंघोळ कमी करायला सांगावं लागलं नाही. मात्र घरातल्या सगळ्यांना छोटं बटण कुठलं ते दाखवा, पाहुण्यांना पण. निम्म्या घरांत दोन्ही बटणं एकदम दाबतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही.

दुसरं, जुना कमोड ठेवून नुसती कमी पाण्याची टाकी बसवू नका. जुन्या भांड्याचा आकार जास्त पाण्याच्या हिशोबाने केलेला असतो, ६ लिटरमध्ये ते साफ होत नाही, मग माणूस दोनदा फ्लश करतो आणि १२ लिटर जातात. टाकी आणि भांडं जोडीनेच घ्या.

भिंतीतली टाकी दिसायला छान पण बटणांची प्लेट काढली की हात आत जाऊन सगळे पार्ट बाहेर निघाले पाहिजेत, हे दुकानातच उघडून बघा. पार्ट इथे मिळतात का तेही विचारा. नाहीतर एका वॉशरसाठी लादी फोडायची वेळ येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुकी गळती. फ्लशच्या आतलं रबर कडक झालं की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने पातळ पापुद्र्यासारखं उतरत राहतं, आवाज नाही, थेंब नाही. टाकीत खायचा रंग टाका, वीस मिनिटं कोणी फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला की समजा गळतंय. अशी एक टाकी दिवसाला शंभर-दोनशे लिटर आरामात घालवते. बिल्डिंगच्या टाक्या सकाळी नऊला तळ गाठतात त्यामागे पुष्कळदा अशा आठ-दहा टाक्या असतात, लोकांच्या आंघोळी नसतात.

कोकणकन्या_डबा_३

नळजोडदादा +१. एवढं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. रात्री रंग टाकून बघते, घरात केकचा लाल आहे.

बादलीबहाद्दर

नळजोडकाका, मान्य. बादलीवाल्यांच्या घरातसुद्धा फ्लश असतोच. हा विचार केला नव्हता.

गिरगावातली

मी चाळीत वाढले. दीड खोलीत मोरी, मोरीच्या कट्ट्यावर तांब्याचं पिंप, बाहेर गॅलरीच्या टोकाला संडास. पाणी पहाटे यायचं आणि तासा-दीड तासात जायचं. तेवढ्यात पिंप, हंडे, कळशी, अगदी दुधाची रिकामी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आमची आजी कपड्याचं शेवटचं आवळलेलं पाणी कधीच ओतायची नाही, ते मोरी घासायला, त्यातलं उरलेलं डब्यातून संडासात. भाज्या-तांदळाचं धुवण तुळशीला. सहा माणसं एवढ्या पाण्यात आंघोळी करून, डबे घेऊन वेळेवर कामाला जायची. आत्ता माझ्या घरात तीन माणसं आणि दोन बाथरूम आहेत, आणि चोवीस तास नळ. मला वाटतं मुलांना एकदा तरी महिनाभर पिंपातून पाणी काढून वापरायला लावलं पाहिजे. पिंपात किती उरलंय ते डोळ्यांना दिसतं ना, मग हात आपोआप आखडतो. नळाला तळ नसतो.

सायली_दादर

@गिरगावातली ताई, तुमचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण पहाटे ते पिंप भरायला कोण उठायचं? माझी आई. चारला उठून पाणी, मग डबे, मग नोकरी. बाबांना पाणी किती वाजता येतं हेसुद्धा माहीत नव्हतं. तिच्या कमरेचं दुखणं त्या हंड्या-कळश्यांचं आहे. त्यामुळे पाणी वाचवायचं म्हणजे घरातल्या बाईने आणखी चार बादल्या इकडून तिकडे करायच्या, असे जे उपाय असतात ना ते मला नको वाटतात. वॉशिंग मशीनचं पाणी साठवून फ्लशला टाका, आंघोळीचं पाणी लादीला वापरा, हे सांगायला छान आहे. ते उचलणार कोण हे पण त्याच वाक्यात सांगावं. नळजोडांनी सांगितलं तसे उपाय मला पटतात, एकदा बसवलं की कोणाच्या कमरेवर येत नाही.

गिरगावातली

सायली, खरं आहे गं. आमच्याकडेही आजी आणि आईच. काका लोक तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेले असायचे. हे लिहायला हवं होतं, तू लिहिलंस ते बरं झालं.

तर्कनिष्ठ_पवईकर

मला या सगळ्या चर्चेत एक मूलभूत अडचण आहे. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि त्यातला तिसरा हिस्सा गळती आणि चोरीत जातो असं पालिकेचेच लोक वर्षानुवर्षं सांगतायत. म्हणजे हजार दशलक्ष लिटरच्या वर. असं असताना अनघाताईंच्या मुलाने पाच मिनिटं कमी आंघोळ केल्याने काय होणार? आधी पाइप दुरुस्त करा, मग नागरिकांना शिकवा. इथले लोक मनापासून पाणी वाचवतात, ते चांगलंच आहे, पण त्यामुळे प्रशासनावरचा दबाव कमी होतो असं मला वाटतं.

चिंच_बोरं

पवईकर, तुमच्या दारात एवढा मोठा तलाव आहे आणि तो पिण्याच्या कामाचा नाही, तुमचा राग समजू शकते.

जलखात्यातून_निवृत्त

पवईकर यांचा मुद्दा रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. मी त्याच खात्यात आयुष्य काढलं म्हणून थोडं लिहितो.

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, हे दोनच शहराच्या हद्दीत, नॅशनल पार्कात. तानसा १८९२ चा. मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि सगळ्यात नवा मध्य वैतरणा, २०१४ चा. सातही तलाव काठोकाठ भरले तर वापरायला साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो. याला रोजच्या पुरवठ्याने भागून बघा, जेमतेम वर्षभराचं पाणी आहे. पाऊस उशिरा आला की आपली गाठ थेट जून महिन्याशी. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लावली ती याचमुळे.

आता गळती. काही मुख्य जलवाहिन्या फार जुन्या आहेत, त्यांच्यावर रस्ते, इमारती, वस्त्या उभ्या राहिल्या. रात्री शांत वेळी लोखंडी दांडा जमिनीला लावून कानाने गळती ऐकणारे लोक खात्यात होते, त्यांचा कान इतका तयार की नुसत्या आवाजावरून सांगायचे खाली पाणी कुठल्या बाजूला जातंय. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास दाबाने नसतं, ठरलेल्या वेळी चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हाच येतं. त्यामुळे गळती शोधायलाही थोडाच वेळ मिळतो, आणि पाइप रिकामा असताना त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून दुरुस्ती व्हायलाच हवी, त्यासाठी नागरिकांनी वॉर्ड ऑफिसात मागे लागायलाच हवं.

पण एक लक्षात घ्या. गळती मीटरपर्यंतची पालिकेची, मीटरनंतरची तुमची. तळाची टाकी बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) बिघडून वाहतेय, गच्चीवरची टाकी भरून पन्हाळ्यातून पाणी पडतंय, हे तुमच्या बिलात येतं. शिवाय ते पाणी तळातून गच्चीपर्यंत पंपाने चढवलेलं असतं, त्याचं वीजबिल वेगळं. भातसाचं पाणी तर पिसे-पांजरापूरला पंपाने उपसून आणावं लागतं. तुमच्या कमोडमध्ये जे मुकाट उतरतं ते पाणी एवढा खर्च करून आलेलं असतं.

तर्कनिष्ठ_पवईकर

धन्यवाद काका. दांडा लावून ऐकण्याची गोष्ट माहीत नव्हती. मीटरनंतरचं तुमचं, हे पटलं. पण वॉर्ड ऑफिसचा मुद्दा मी सोडणार नाही.

जलखात्यातून_निवृत्त

सोडूच नका.

शहापूरची_लेक

एक वेगळी गोष्ट सांगते. माझं माहेर शहापूर तालुक्यात. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक पाड्यांवर टँकर येतो. विहिरीत टँकर रिकामा करतात आणि मग चारी बाजूंनी बायका दोर टाकतात, कळश्या एकमेकींवर आपटतात, दोन मिनिटांत विहीर परत रिकामी. तिथून जवळच धरणाच्या भिंतीमागे पाणी भरलेलं दिसतं. लग्न होऊन मी बोरिवलीला आले तेव्हा पहिल्यांदा फ्लश ओढला आणि मला काही सुचेना, एवढं स्वच्छ पाणी, पिता येईल असं. अजूनही सवय झाली असं म्हणवत नाही.

माझ्या भावजयीला हे धागे दाखवणार नाही मी. पण तुम्ही सगळे इतकं मनावर घेऊन लिहिताय हे बघून बरं वाटलं.

कोकणकन्या_डबा_३

शहापूरची_लेक, तुमची पोस्ट वाचून पुढे काही लिहवेना.

मालवणी_गेट_नं_८

इतके दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो. मी मालाडला मालवणीत राहतो, वस्तीत. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण धरतात आणि वस्तीला वर्षानुवर्षं माणशी ४५ लिटर धरलं गेलंय. आता इमारतींच्या पाण्याचा हिशोब मांडताना बांधकाम संहितेत माणशी ४५ लिटर नुसते फ्लशिंगसाठी धरतात, हे इथल्या इंजिनियर मंडळींना माहीत असेलच. तुमच्या घरात जेवढं पाणी फ्लशला मोजलंय, तेवढ्यात आमच्या माणसाने स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी, सगळं उरकायचं. २०१८ मध्ये केप टाउनला दुष्काळ पडला तेव्हा माणशी ५० लिटरची मर्यादा लावली आणि जगभर बातमी झाली. आमच्याकडे ती मर्यादा रोजची आहे.

आणि ४५ तरी कुठे सगळ्यांना मिळतात. कित्येक वस्त्यांना जोडणीच नव्हती, लोक कोर्टात गेले, डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी पाणी हा जगण्याचा हक्क आहे, तो नाकारता येणार नाही. त्यानंतरही कागदपत्रं, एनओसी, फेऱ्या. पाच-सात घरं मिळून एक जोडणी, एक मीटर, आणि टोकाच्या घरापर्यंत दाबच पोचत नाही. मग मोटर लावायची, त्यावरून भांडणं. ज्याच्याकडे जोडणी नाही तो कॅन विकत घेतो, लिटरमागे तुमच्यापेक्षा कितीतरी महाग.

मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. अनघाताईंनी विचारलं म्हणून तर हा विषय निघाला. पण पाणी वाचवण्याबद्दल शिकायचं असेल तर आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा. एका हंड्यात दोन पोरांच्या आंघोळी, तेच पाणी परातीत धरून त्यात पायपुसणी भिजत घालायची, मग ते दाराबाहेरची फरशी धुवायला. आमची मागणी एवढीच की वाचलेलं पाणी कुठेतरी पोचावं.

सायली_दादर

मालवणीदादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. ४५ आणि ४५ हे असं शेजारी ठेवून मी कधीच बघितलं नव्हतं.

तर्कनिष्ठ_पवईकर

@मालवणी_गेट_नं_८, माझ्या आधीच्या मुद्द्याला तुमची पोस्ट जोडून घेतो. गळती कमी करण्याचा आग्रह धरायचा तर त्याबरोबर ते पाणी आधी कोणाला, हेही मागितलं पाहिजे. वॉर्डातल्या बैठकीला मी जातो, तिथे हा मुद्दा मांडेन.

लातूरची_मी_अंधेरीत

२०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आमचंच लातूर. त्या गाडीचं नाव जलदूत. तेव्हा मी अंधेरीत होते, आई-बाबा तिकडे. आई फोनवर एकच विचारायची, तुमच्याकडे नळाला येतंय का. तेव्हापासून आमच्या बाथरूममध्ये शॉवर बंद करून टाकलाय, आम्ही बादलीने आंघोळ करतो, आणि गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी येतं ना ते धरायला गीझरखाली कायम एक छोटी बादली असते. ते दोन-तीन लिटर असतं, रोज, प्रत्येक माणसामागे. लोक ते सरळ जाळीत सोडतात.

अनघा, तुझ्या भिंती उघड्या आहेत ना, मग गीझर आंघोळीच्या नळाच्या जितका जवळ घेता येईल तितका घे. लांब पाइप म्हणजे तेवढं गार पाणी रोज वाया.

नळजोड

लातूरताईंनी लाख मोलाचं सांगितलं. गीझर ते मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) पाइप छोटा ठेवा आणि गरम पाण्याच्या पाइपला भिंतीत घालण्याआधी इन्सुलेशनची नळी चढवा. खर्च अगदी किरकोळ, नंतर करता येत नाही.

फिजिओ_ठाकुर्ली

मी वृद्धांबरोबर काम करते म्हणून एक सांगावंसं वाटतं. बादली म्हणजे कमी पाणी हे ठीक, पण अनघाच्या सासूबाईंचं वय काय? वाकून तांब्या भरणं, भरलेली बादली सरकवणं, ओल्या लादीवर उठणं-बसणं यात पडण्याच्या केसेस मी सतत बघते. त्यांच्यासाठी बसायला पक्का स्टूल, भिंतीला दांडा, आणि हातात धरायचा शॉवर ज्याला मुठीवरच बंद-चालू करायचं बटण आहे. अंग ओलं केलं, बंद. साबण लावला, परत चालू. असं केलं तर बादलीपेक्षा जास्त पाणी लागत नाही. दांड्यासाठी भिंतीत आधार आत्ताच घेऊन ठेवा.

बादलीबहाद्दर

हे मात्र पटलं. माझ्या आईसाठी उद्याच बघतो. बादली पक्षाचा राजीनामा देत नाही, पण युती करायला तयार आहे. :)

सेक्रेटरी_विलेपार्ले

सोसायटीच्या बाजूने लिहितो. आम्हाला घरटी मीटर लावायचे होते म्हणजे ज्याचा वापर त्याचं बिल. पण जुन्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक बाथरूमला आणि किचनला वेगळा पाइप उतरतो. म्हणजे एका घरात तीन-चार ठिकाणी पाणी शिरतं, तेवढेच मीटर लागतात. खर्च आणि वाचनाचा घोळ बघून जनरल बॉडीत प्रस्ताव पडला. मग आम्ही काय केलं, एका रविवारी प्लंबर घेऊन घरोघरी फिरलो, नळजोड यांनी सांगितलेली रंगाची टेस्ट केली, गळणाऱ्या टाक्यांची रबरं सोसायटीच्या खर्चाने बदलली, वॉशबेसिनच्या नळांना एअरेटर लावले. एअरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला ती बारीक जाळी, पाण्यात हवा मिसळते, धार भरीव वाटते आणि पाणी कमी जातं. वर्षातून एकदा ती काढून व्हिनेगरमध्ये भिजवायची नाहीतर क्षार बसून चिकटते. आता टँकर क्वचितच मागवावा लागतो.

सर्वांना आणखी एक कळकळीची विनंती. पाणी साठवाल ते झाकून ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचे डास होतात. पिंप, बादल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करा.

दोन_मुलांची_आई

शॉवरमधल्या किशोरवयीन मुलांसाठी: आमच्याकडे दोन गाण्यांचा नियम आहे. तिसरं गाणं सुरू झालं की गीझर बंद. चिडचिड झाली, आता निवडून छोटी गाणी लावतो.

चिंच_बोरं

आमच्याकडे हा नियम लावला तर पोरगं अखंड हरिपाठ लावून बसेल.

अनघा_मुलुंड

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. एकेक पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली. शहापूर आणि मालवणीच्या पोस्टनंतर नवऱ्याने स्वतःच रेन शॉवरचा विषय काढला आणि तो नको म्हणाला.

ठरलं ते असं. कमोड आणि टाकी जोडीने नवीन, दोन बटणांची, टाकी बाहेरचीच म्हणजे उघडायला सोपी. सासूबाईंसाठी स्टूल, दांडा आणि मुठीवर बटण असलेला हँड शॉवर, त्यांनी स्वतः दुकानात जाऊन हातात धरून पाहिला आणि पसंत केला. गीझर पलीकडच्या भिंतीवर होता तो मिक्सरच्या डोक्यावर आणतोय. बादली राहणारच आहे, सासूबाईंनी त्यावर तडजोड केली नाही. सेक्रेटरींची पोस्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलीये, तीन जणांनी लगेच टाकीत रंग टाकून बघितला आणि दोघांकडे गळती निघाली.

मालवणीदादा, तुमच्या भागातल्या जोडण्यांसाठी कोणी पाठपुरावा करतंय का? माझ्या ओळखीत एक वकील आहेत, कागदपत्रांची मदत लागली तर मला मेसेज करा.

मालवणी_गेट_नं_८

अनघाताई, करतो मेसेज. आमच्या गल्लीत सात घरांचा अर्ज अडकून आहे.

नळजोड

अनघाताई, हँड शॉवर घेताना प्रेशर बघा. तुम्ही सातातल्या पाचव्यावर, म्हणजे टाकी डोक्यावर फार उंच नाही. कमी पाण्याचे काही शॉवर चांगलं प्रेशर असेल तरच नीट चालतात, वरच्या मजल्यांवर नुसते ठिबकतात. दुकानदाराला मजला सांगा, आणि लाद्या लावायच्या आधी तात्पुरता जोडून बघा. खालच्या मजल्यावाल्यांचं उलटं, तिथे प्रेशर जास्त म्हणून तोच नळ जास्त पाणी टाकतो, त्यांनी अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाणी येतं तिथली छोटी चावी, अर्धा फिरवून ठेवावा.

कोकणकन्या_डबा_३

नळजोडदादा, रंग टाकला होता. सकाळी भांड्यात लाल पाणी! आता काय करू?

नळजोड

घाबरू नका. टाकीच्या खालचा अँगल कॉक बंद करा, एकदा फ्लश करून टाकी रिकामी करा. झाकण काढलं की मधोमध उभा पार्ट दिसेल, थोडा डावीकडे फिरवला की बहुतेक टाक्यांत सुटून वर येतो. त्याच्या बुडाला गोल रबर असतं, ते काढून बघा. नुसतं क्षार-चिकटा असेल तर धुऊन उलटं बसवा, चालेल काही दिवस. कडक झालं असेल तर तेच रबर हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, तोंडी माप सांगू नका, मिलिमीटरचा फरक असला तरी परत गळेल. बसवून झालं की पुन्हा रंग टाका.